स्वमग्न मुलाची स्पीच थेरपी घरी करताना: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

स्पीच थेरपिस्टकडचं सेशन फार तर तासाभराचं. बाकी सगळा वेळ मूल आपल्याजवळ असतं, त्यामुळे खरं काम घरीच होतं. पण बहुतेक घरांत सुरुवात शेवटच्या पायरीपासून होते. चेंडू हातात धरून ‘म्हण चेंडू, चें-डू, म्हण ना’ असं सुरू होतं. मूल मान फिरवतं, आपला आवाज चढतो, आणि काही दिवसांत चेंडू दिसला की मूल उठून जायला लागतं.

क्रम वेगळा हवा. समोरच्या माणसामुळे आपल्याला हवं ते घडतं, हे मुलाला आधी उमजलं पाहिजे. मग ते मागायचं एखादं साधन त्याच्याकडे आलं पाहिजे. बोललेला शब्द त्यानंतर येतो, किंवा त्या साधनाच्या बरोबरीनं येतो. खालचे टप्पे याच क्रमानं दिले आहेत. ते थेरपिस्टच्या जोडीनं करायचे आहेत, तिच्याऐवजी नाही. मूल आधीच वाक्यं बोलत असेल तर टप्पा ५ पासून सुरू केलं तरी चालेल, पण टप्पा २ मात्र प्रत्येकानं वाचावा.

## सुरू करण्यापूर्वी

कान तपासून घ्या. ‘मोबाइल वाजला की पळत येतो, म्हणजे ऐकू येतं’ हा निष्कर्ष धरू नका. काही आवाज ऐकू येतात आणि बोलण्यातले बारीक ध्वनी निसटतात, असं होऊ शकतं. मधल्या कानात पाणी साचलं असेल तर ऐकणं आठवड्याआठवड्याला कमी-जास्तही होतं. घरी टाळी वाजवून पाहणं ही तपासणी नव्हे. ऑडिओलॉजिस्टकडे (श्रवणतज्ज्ञाकडे) ओएई (आतल्या कानाची तपासणी), टिम्पॅनोमेट्री (मधल्या कानाची तपासणी) आणि गरज असेल तर बेरा (आवाजाला श्रवणनस आणि मेंदू देतात तो प्रतिसाद मोजणं) करून घ्या. बेरासाठी मुलानं उत्तर द्यावं लागत नाही, ते झोपेतही होतं.

येत असलेले शब्द गेले आहेत का, ते आठवा. स्वमग्न मुलांपैकी काहींच्या बाबतीत दीड-दोन वर्षांच्या सुमारास शब्द मागे पडतात. ही गोष्ट डॉक्टरांना स्पष्ट सांगा. तिसऱ्या वर्षानंतर चांगलं बोलणारं मूल बोलायचं किंवा समजायचं थांबलं, झटके येत असतील, मध्येच टक लावून हरवल्यासारखं होत असेल, तर थेरपीची वाट न पाहता मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. अशा वेळी झोपेतला ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख) काढावा लागू शकतो.

आठवडाभर फक्त लिहून काढा. काहीही शिकवू नका. वहीत चार रकाने करा: हवं असेल तेव्हा काय करतं, नको असेल तेव्हा काय करतं, आपल्याला बोलवायला काय करतं, काही दाखवायला काय करतं. हात धरून फ्रिजकडे ओढणं, किंचाळणं, वस्तू आणून मांडीवर टाकणं, सगळं लिहा. चौथा रकाना बहुधा रिकामाच राहील. तो रिकामा आहे हीसुद्धा थेरपिस्टच्या कामाची माहिती आहे. जोडीला दहा मिनिटांच्या खेळाचा एक व्हिडिओ घ्या आणि तारीख घालून ठेवा.

आवडींची यादी करा. ‘मुलांना काय आवडतं’ याची नको, या मुलाला काय आवडतं याची. पंख्याची पाती, झिप उघडणं-लावणं, पाण्याची धार, उंच उचलणं, ठरावीक गाण्याची पहिली ओळ. पुढचा सगळा डोलारा याच यादीवर उभा राहणार आहे.

> तपासा: यादीत दहा गोष्टी झाल्या का? त्यातल्या निम्म्या तरी अशा हव्यात की ज्यात दुसऱ्या माणसाची गरज लागते. पंख्याकडे बघायला कुणी लागत नाही, झोका द्यायला लागतं.

## टप्पा १: आधी त्याच्या खेळात जा

जमिनीवर बसा. मुलाच्या समोर, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, पण वाट अडवून नाही. ते गाड्यांची रांग लावत असेल तर दुसऱ्या काही गाड्या घेऊन तुम्हीही रांग लावा. ते टेबलावर टकटक करत असेल तर थांबून तुम्हीही तशीच टकटक करा. त्याची नक्कल केली की बऱ्याचदा मूल क्षणभर थांबून तुमच्याकडे बघतं आणि मुद्दाम पुन्हा करून पाहतं. तिथे पहिली देवाणघेवाण झाली.

इथे गाडी नीट चालवून दाखवायची नाही, रंग विचारायचे नाहीत, रांग मोडायची नाही. पाच-दहा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा पुरे. सलग तासभर बसण्यापेक्षा हे जास्त उपयोगी पडतं.

> सावधान: ‘माझ्याकडे बघ’ म्हणत हनुवटी धरून चेहरा वळवू नका. अनेक स्वमग्न व्यक्तींना नजरेला नजर देणं त्रासदायक वाटतं, आणि न बघताही त्या ऐकत असतात. आपल्याला हवं आहे ते दोघांचं लक्ष एकाच गोष्टीवर असणं. वस्तूकडे बघून मग तुमच्या हाताकडे बघणं, वस्तू तुमच्यापुढे करणं, जवळ सरकणं, हे सगळं त्यातच येतं.

## टप्पा २: आपलं बोलणं बदला

हाच टप्पा सगळ्यात जास्त टाळला जातो, कारण यात मुलाला काहीच करायचं नसतं, सगळं आपल्यालाच करायचं असतं.

मागे घेतलेला व्हिडिओ लावा आणि स्वतःची वाक्यं दोन गटांत मोजा: प्रश्न आणि हुकूम एकीकडे, नुसतं सांगणं दुसरीकडे. ‘हे काय आहे? कोणता रंग? काऊ कसा करतो? दाखव. म्हण.’ पहिला गट जवळजवळ नेहमीच जड निघतो. ज्याला उत्तर देता येत नाही त्याला सारखं विचारत राहिलं तर ती परीक्षाच होते, आणि मूल ती टाळायला शिकतं.

त्याऐवजी:

१. मूल ज्याकडे बघतंय त्याबद्दल बोला. त्याची नजर चाकावर असेल तर ‘चाक फिरतंय’. हातातलं चित्रांचं पुस्तक बाजूला ठेवा.

२. वाक्य लहान ठेवा, पण मोडकं नको. ‘बाबा चेंडू’ नाही, ‘बाबांना चेंडू दे’. प्रत्यय आणि क्रियापदाची रूपं कानावर पडलीच नाहीत, तर ती येणार कुठून? मूल काहीच बोलत नसेल तर एक-दोन शब्द, एक शब्द बोलत असेल तर दोन-तीन.

३. बोलून झालं की थांबा. मनातल्या मनात दहापर्यंत मोजा. आपल्याला ही शांतता फार लांब वाटते आणि तिसऱ्या अंकालाच आपण पुन्हा बोलतो. मुलाला ऐकलेलं जुळवून प्रतिसाद द्यायला तेवढा वेळ खरंच लागतो.

व्हिडिओ बघून पालकानं स्वतःचं बोलणं बदलायचं, ही पद्धत इंग्लंडमधल्या पॅक्ट चाचणीत १५२ लहान स्वमग्न मुलांवर तपासली गेली. निष्कर्ष २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. पालकांचा प्रतिसाद स्पष्टपणे सुधारला आणि मुलं आपणहून संवाद सुरू करण्याचं प्रमाण वाढलं. तेव्हा स्वतःचा व्हिडिओ बघण्याचा संकोच बाजूला ठेवा.

> तपासा: दोन आठवड्यांनी तसाच दहा मिनिटांचा व्हिडिओ घेऊन पुन्हा मोजा. एका प्रश्नामागे तीन-चार साधी विधानं आली की पुढे जा.

## टप्पा ३: मागण्याची गरज निर्माण करा

बरीच घरं मुलाच्या बाबतीत इतकी सराईत झालेली असतात की त्याला काही मागावंच लागत नाही. पाणी त्याच्या वेळेला समोर येतं, आवडतं खेळणं हाताशी असतं. थोडी जागा रिकामी ठेवा. आवडतं खेळणं घट्ट झाकणाच्या पारदर्शक बरणीत ठेवा, जिगसॉचा एक तुकडा तुमच्या हातात राहू द्या, झोका देऊन मध्येच धरून थांबा.

साबणाच्या फुग्यांचा खेळ नमुन्यादाखल घेऊ. बाटली तुमच्याकडे. समोरासमोर बसा आणि तीन-चार वेळा काहीही न मागता फुगे काढा, दर वेळी अगदी त्याच चालीत: ‘एक... दोन... फूऽऽ’. मुलाला चाल पाठ झाली की पुढच्या वेळी ‘एक... दोन...’ म्हणून कडी ओठांजवळ नेऊन थांबा. भुवया वर, चेहऱ्यावर वाट बघण्याचा भाव, तोंडातून एकही शब्द नाही. आता जे काही येईल ते मागणंच समजा: कडीकडे हात, तुमच्या तोंडाकडे नजर, ओठांचा चंबू, ‘उं’ असा आवाज, तुमचा हात ढकलणं. आलं की त्याच क्षणी ‘फूऽऽ!’ म्हणत फुगे सोडा. उशीर केलात तर कशामुळे फुगे आले हे मुलाला जुळवता येत नाही. दहापर्यंत मोजूनही काही आलं नाही, तर स्वतःच हळूच ‘फूऽऽ’ म्हणा आणि फुगे सोडाच. रोखून धरू नका.

दहापैकी सात-आठ वेळा एखादी खूण यायला लागली की अपेक्षा एक पायरी वाढवा. हात ढकलत असेल तर बोट दाखवणं, बोट दाखवत असेल तर आवाज. एका वेळी एकच पायरी.

> सावधान: पाणी, भूक, शौचास जाणं, झोपताना लागणारी वस्तू, यांवर कधीही अट घालू नका. मूल थकलेलं किंवा रडत असताना ‘आधी म्हण, मग देते’ हा प्रकार बोलणं शिकवत नाही, भांडण शिकवतो.

याच टप्प्यात ‘नको’ शिकवा. हे राहून जातं, आणि मग नकार द्यायला मुलाकडे चावणं, फेकणं एवढंच उरतं. नावडती वस्तू पुढे करा, मूल ढकलू लागताच ‘नको’ म्हणत हातानं नकाराची खूण करा आणि वस्तू लगेच मागे घ्या. सुरुवातीचे काही आठवडे शक्य असेल तिथे प्रत्येक ‘नको’ मान्य करा. नकाराची ताकद अनुभवल्याशिवाय मूल तो वापरणार नाही.

## टप्पा ४: शब्द येत नसतील तर साधन द्या

चित्रं, खुणा किंवा टॅबवरचं बोलणारं ॲप, या सगळ्यांना मिळून एएसी म्हणतात. ‘चित्रांची सवय लागली तर तो बोलणारच नाही’ ही भीती जवळजवळ प्रत्येक पालकाला असते, आणि त्यापायी काही मुलांची वर्षं वाया जातात. २००६ साली मिलर, लाइट आणि श्लॉसर यांनी विकासात्मक अडचणी असलेल्यांवरचे अभ्यास एकत्र तपासले. त्यातल्या काटेकोर नियंत्रण असलेल्या अभ्यासांतल्या २७ जणांपैकी एकाचंही बोलणं एएसीमुळे कमी झालं नाही. ८९ टक्के जणांचं वाढलं, उरलेल्यांचं होतं तेवढंच राहिलं. बोलणं येईपर्यंत थांबून मग साधन द्यायचं, असा क्रम ठेवू नका.

चित्र देऊन मागणं ही पेक्स पद्धत अँडी बॉन्डी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी १९८५ साली विकसित केली. तिचे सहा टप्पे आहेत आणि गडबड पहिल्यातच होते. त्यासाठी दोन मोठी माणसं लागतात. एक जण मुलासमोर आवडती वस्तू धरतो. दुसरा मुलाच्या मागे गप्प बसतो. मूल वस्तूकडे झेपावलं की मागचा माणूस त्याचा हात चित्राकडे नेतो, चित्र उचलून समोरच्याच्या तळहातावर ठेवायला मदत करतो. समोरचा लगेच वस्तूचं नाव घेत ती देतो. पहिल्या टप्प्यात ‘काय हवंय?’ विचारायचं नाही आणि ‘चित्र दे’ही म्हणायचं नाही, कारण सुरुवात मुलाकडून व्हायला हवी. मागच्याची मदत दिवसागणिक कमी करत न्यायची. मग चित्र आणि माणूस दोन्ही दूर सरकवायचे. दोन चित्रांतून निवडणं त्यानंतर, तिसऱ्या टप्प्यात येतं. पहिल्याच दिवशी वीस चित्रांची फाइल पुढे ठेवली की मूल हाताला लागेल ते चित्र देऊ लागतं.

टॅब वापरायचा असेल तर आधी तुम्ही त्यावर बोला. ‘उघड’ म्हणताना ‘उघड’वर तुमचं बोट पडलं पाहिजे, दिवसभर, मुलाकडून काहीही न मागता. आपण लहान बाळाशी महिनोन्महिने उत्तराची वाट न बघता बोलतो, तसंच हे. बोलण्याचा टॅब वेगळा ठेवा, त्यावर कार्टून नको. शिक्षा म्हणून तो काढून घेऊ नका, तो मुलाचा आवाज आहे. मुख्य शब्दांचा एक छापील तक्ताही जवळ ठेवा, चार्जिंग संपतंच.

कोणते शब्द आधी? रंग, आकडे, प्राण्यांची नावं नकोत. कितीतरी स्वमग्न मुलांना अक्षरं आणि आकडे लवकर येतात, पण ‘मदत कर’ म्हणता येत नाही. दे, नको, उघड, थांब, चल, बघ, मदत, संपलं आणि आवडीच्या पाच-सहा गोष्टींची नावं, एवढ्यानं सुरुवात करा. नुसतं ‘अजून’ मात्र एकटं शिकवू नका; मग मूल सगळ्यालाच ‘अजून’ म्हणतं आणि काय हवंय ते कळत नाही.

> सावधान: मोठ्या माणसानं मुलाचा हात, मनगट किंवा कोपर धरून टाइप करून घ्यायचं, किंवा अक्षरांचा बोर्ड आपण धरून मुलाला बोट ठेवायला लावायचं, अशा पद्धतींपासून लांब राहा. अमेरिकेतल्या वाक्-भाषातज्ज्ञांच्या संघटनेनं, आशानं, २०१८ साली फॅसिलिटेटेड कम्युनिकेशन आणि रॅपिड प्रॉम्प्टिंग या दोन्हींच्या विरोधात भूमिका जाहीर केली आहे. त्यातून उमटणारे शब्द मुलाचेच आहेत असं धरता येत नाही.

## टप्पा ५: एकाचे दोन

मूल ‘गाडी’ म्हणालं की त्यात एक शब्द घाला: ‘गाडी आली’, ‘लाल गाडी’, ‘गाडी दे’. पुन्हा म्हणायला लावू नका, नुसतं ऐकू द्या. उच्चार ‘दाली’ असा आला तरी ‘नीट म्हण’ नको, ‘हो, गाडी!’ एवढंच. या टप्प्यावर उच्चार सुधारायला गेलात तर बोलणंच आटतं.

‘म्हण’ हा शब्द घरातून हद्दपार करा. तो वापरल्यानं दोन गोष्टी होतात. मूल ‘म्हण गाडी’ असंच आख्खं उचलतं, आणि कुणी ‘म्हण’ म्हटल्याशिवाय तोंड उघडायचं नाही अशी सवय लागते. मदत द्यायचीच असेल तर आधी थांबणं, मग बोटानं खूण, मग शब्दाचा पहिला ध्वनी, आणि शेवटी पूर्ण शब्द, या क्रमानं द्या.

## टप्पा ६: ऐकलेलंच परत बोलणारं मूल

‘पाणी हवंय का तुला?’ विचारलं की मूल तेच परत म्हणतं. किंवा कार्टूनमधलं आख्खं वाक्य भलत्या वेळी येतं. याला एकोलालिया म्हणतात. ते निरर्थक मानून ‘असं बोलू नको’ म्हणणं ही मोठी चूक. १९८१ साली प्रिझंट आणि डुकॅन यांनी अशा लगेच केलेल्या पुनरुक्तीचे सात वेगवेगळे उपयोग नोंदवले: आपली पाळी घेणं, होकार देणं, मागणं, स्वतःला सूचना देणं वगैरे.

कोणतं वाक्य, कुठे, कशाच्या आधी आलं, ते लिहून ठेवा. ‘पडला रे पडला’ हे वाक्य काही बिनसलं की येत असेल, तर त्याचा अर्थ ‘मदत हवी’ असा असू शकतो. अर्थ लागला की त्या क्षणाला शोभेल असं लहान वाक्य पुरवा: ‘मदत कर’.

इथे मराठीत एक खास अडचण येते. मूल ऐकलेलं जसंच्या तसं उचलतं, त्यामुळे आपण पुरवलेलं नमुन्याचं वाक्य मुलाच्या तोंडी शोभेल असंच हवं. दिवसभर आईचं ऐकणारा मुलगा ‘मी आले’, ‘मी करते’ असं बोलू लागतो. आईनं त्याच्यासाठी वाक्य पुरवताना ‘मी आलो’, ‘मी करतो’ म्हणावं. मुलीसाठी बाबांनी ‘मी आले’. मी-तूची अदलाबदल होत असेल तर सुरुवातीला सर्वनामच गाळा. ‘पाणी हवंय’ हे मराठीत पूर्ण वाक्य आहे, ‘तुला’ आणि ‘मला’चा घोळ त्यात येतच नाही. आणि ‘पाणी हवंय का?’ असं विचारण्याऐवजी पेला दाखवून ‘पाणी हवंय’ असं सपाट सुरात म्हणा, म्हणजे प्रश्नाचा हेल उचलला जाणार नाही.

## टप्पा ७: मागण्याच्या पलीकडे

मूल मागू लागलं की घर सुटकेचा श्वास सोडतं आणि काम थांबतं. मग चाळीस शब्द असलेलं मूल चाळीसही शब्द मागण्यासाठीच वापरतं. दाखवणं, सांगणं, हाक मारणं, तक्रार करणं बाकीच असतं. ओळखीच्या गोष्टीत मुद्दाम गडबड करा: पायमोजा हातात घाला, पुस्तक उलटं धरा, थांबा. मुलानं बघितलं की ‘अरेच्चा! उलटं!’ इथे बक्षीस वस्तूचं नाही, दोघांनी मिळून आश्चर्य वाटून घेण्याचं आहे.

समजण्याकडेही बघा. ‘बूट आण’ म्हणताना आपण दाराकडे बघतो, हात करतो, आणि मूल त्यावरून ओळखतं. हात मागे घेऊन, वेगळ्या खोलीत, वेगळ्या वेळी सांगून पाहा. समज कमी निघाली तर ‘आधी हे, मग ते’ असा दोन चित्रांचा तक्ता वापरा. ‘काय, कोण, कुठे’ हे प्रश्न आधी. ‘का, कधी, कसं’ बऱ्याच उशिरा. ‘हो-नाही’सुद्धा आधी इच्छेपुरतंच: ‘झोका हवा?’ ‘हे मांजर आहे का?’ हा प्रश्न दिसायला तसाच, पण त्याला पुष्कळ अवघड.

## या चुका कोणत्याही टप्प्यावर नकोत

शिट्ट्या फुंकणं, मेणबत्ती विझवणं, जिभेचे व्यायाम, जिभेला मालिश: बोलणं यावं म्हणून हे करण्याला भक्कम आधार नाही. वेळ खेळात घाला. शब्द दर वेळी वेगळाच उच्चारला जातो, तोंड जागा शोधत चाचपडतं असं दिसलं, तर ॲप्रॅक्सियासाठी (बोलताना तोंडाच्या हालचाली जुळवण्यातल्या अडचणीसाठी) वेगळी तपासणी करून घ्या.

घरची भाषा सोडून फक्त शाळेची भाषा बोलू नका. दोन भाषा ऐकणारी स्वमग्न मुलं एकच भाषा ऐकणाऱ्यांपेक्षा मागे पडतात असं अभ्यासांत आढळलेलं नाही. आजी-आजोबांशी ज्या भाषेत सहज बोलणं होतं, ती तोडून मुलाचं नुकसानच होतं.

आणि ‘चार वर्षं झाली, आता काही होणार नाही’ हे कुणी म्हटलं तरी मानू नका. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भाषा खूप मागे असलेल्या ५३५ स्वमग्न मुलांची माहिती तपासली होती; त्यातली ७० टक्के मुलं चौथ्या वर्षी किंवा त्यानंतर छोटी वाक्यं बोलू लागली, ४७ टक्के अस्खलित. जी मुलं बोलत नाहीत त्यांनाही टप्पा ४ मधलं साधन पूर्ण हक्कानं मिळायला हवं.

## टप्पा ८: पसरवा आणि मोजा

आईजवळ ‘उघड’ म्हणणारं मूल मामाजवळ गप्प राहतं. ते विसरलेलं नसतं; शब्द अजून एका माणसाला, एका बरणीला चिकटलेला असतो. तोच शब्द तीन माणसांबरोबर, तीन जागी, तीन वस्तूंवर ठरवून वापरा: बरणी, दार, छत्री.

आठवड्यातून एका दिवशी अर्धा तास मोजा: आपणहून किती वेळा, मदतीनं किती वेळा, आणि कशासाठी. शब्दसंख्येपेक्षा ‘आपणहून’चा आकडा महत्त्वाचा. तीन महिने तो हलला नाही तर ही वही आणि दोन व्हिडिओ घेऊन थेरपिस्टशी बसा आणि उद्दिष्टं बदलून मागा. सेशनला पालकांना आत बसू न देणारी, घरी काय करायचं ते न सांगणारी किंवा अमुक महिन्यांत बोलेलच अशी हमी देणारी जागा बदललेली बरी. आणि येत असलेलं बोलणं अचानक कमी झालं तर आधी कान, दात, पोट, झोप बघा, डॉक्टरांना दाखवा. थेरपीचे तास वाढवणं त्यानंतर.